लेख आला, पण ‘थांबा’ आलं नाही

माझं पूर्ण नाव साहेबांनी वरच्या रकान्यात लिहून घेतलंच आहे. वय एकसष्ट. धंदा शिवणकाम आणि कपड्यांची दुरुस्ती. राहणार बाजारामागच्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानावर, पहिला मजला. लहानथोर सगळे मला ताई म्हणतात, गिऱ्हाईकंसुद्धा. माझ्या भावाच्या घरात पोलिसांनी प्रवेश केला त्याबद्दल समक्ष विचारलं, म्हणून घडलं तसं सांगते.

मी एकटी राहते. मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या शहरात असते. माझा धाकटा भाऊ माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून, दुसऱ्या मजल्यावर राहतो. तोही एकटाच. त्याने सगळी नोकरी लिफ्टच्या दुरुस्तीत काढली, आता निवृत्त आहे. लग्न केलं नाही. का केलं नाही ते विचारू नये, आमच्या आईनेही विचारून विचारून शेवटी सोडून दिलं होतं.

निवृत्त झाल्यावर त्याने इंटरनेटवर स्वतःचा ब्लॉग काढला. गळका नळ, घासणारं दार, अडणारी खिडकी, बंद पडलेलं मिक्सर, जे काही घरात बिघडतं ते कसं नीट करायचं, असं तो त्यात लिहितो. वाचणारे त्याला पक्कडमामा म्हणतात. पहिली दोन वर्षं तिकडे कुत्रं फिरकलं नाही. मी त्याला म्हटलं, हे रिकामे उद्योग सोड, कुठेतरी चार तास कामाला जा. तो ऐकेल तर शपथ. मग हळूहळू लोक यायला लागले, माझ्या मुलीने त्यावर जाहिराती लावून दिल्या, आणि त्याच्या खात्यात महिन्याच्या महिन्याला काहीतरी पडायला लागलं. विजेचं बिल आणि औषधं त्यातून भागतात, असं मुलगी सांगते. याला पॅसिव्ह इन्कम म्हणतात. भाऊ मला तेव्हा म्हणाला होता, “ताई, एकदा लिहून ठेवायचं. मग मी झोपलो तरी लोक वाचतात आणि पैसे येतात.” मी म्हटलं, “मग झोपूनच राहा.”

मागच्या वर्षापासून आमचं बोलणं बंद होतं. कारण सांगितलंच पाहिजे का, असं मी विचारलं. साहेब म्हणाले सांगा. कारण असं की, त्याने माझ्या शिलाई मशीनवर लेख लिहिला. त्याचं नाव ‘एका हट्टी बाईचं मशीन’. त्यात लिहिलं की, या बाईने मशीनला स्वयंपाकाचं तेल घातलं, त्याचा चिकट राप बसला आणि मशीन जाम झालं. नाव दिलं नव्हतं, पण गल्लीत शिलाईवाली हट्टी बाई दुसरी कोण आहे? गिऱ्हाईकं कपडे टाकायला यायची आणि हसू दाबायची. तो लेख सगळ्यांत जास्त वाचला जातो. म्हणजे त्याला मिळतात त्यातले निम्मेअधिक पैसे माझ्या बेअब्रूचे. ते तेल मी घातलं नव्हतं, हे याच जबाबात नमूद करावं.

बोलणं बंद असलं तरी मी ब्लॉग रोज वाचत होते. मशीनच्या धंद्यातल्या बाईला दुरुस्तीची माहिती लागते, म्हणून. सकाळी चहा ठेवला की लेख आलेला असायचा. त्याने काय उघडलं, काय जोडलं, ते त्यात असायचं. गुडघ्याला पट्टा बांधून शिडीवर चढलो, असंही एकदा होतं. त्या दिवशी मला फार राग आला होता, पण बोलणं बंद असल्यामुळे कळवलं नाही.

आता मुद्द्याचं सांगते. लेखाखाली वाचणारे कमेंट लिहितात. कोणी चुकीचं काही लिहिलं की भाऊ लगेच उत्तर देतो, आणि त्याचं उत्तर दरवेळी एकाच शब्दाने सुरू होतं. “थांबा!” थांबा, तिथे हातोडी मारू नका. थांबा, आधी वीज बंद करा. लहानपणापासून तो असाच आहे. कोणाची चूक दिसली की त्याच्या घशाखाली घास उतरत नाही. आजोबांच्या तेराव्यालासुद्धा त्याने आलेल्या पाहुण्यांना थांबवून पंख्याचा आवाज का येतोय ते सांगितलं होतं.

परवा सकाळी लेख आला. त्याखाली कोणीतरी लिहिलं की, दाराच्या बिजागरीला साबण लावायचा आणि वर पाणी ओतायचं. मी वाचलं आणि मनात म्हटलं, आता याची काही खैर नाही. दुपारी पाहिलं, उत्तर नाही. संध्याकाळी पाहिलं, तरी नाही. मला काही सुचेना. एका गिऱ्हाईकाची पँट चारऐवजी सहा बोटं आखूड केली. त्याबद्दल माझी वेगळी तक्रार नाही, चूक माझीच.

मग मी स्वतः कमेंट टाकली. नाव दिलं ‘एक वाचक’. मजकूर असा: “शिलाई मशीनला स्वयंपाकाचं तेल घातलेलं उत्तम. आम्ही नेहमी घालतो.” हे मी रागानेच लिहिलं. पण मला एवढं ठाऊक होतं की हे वाचून तो मेलेला असला तरी उठून बसेल. मेलेला हा शब्द लिहू नका, असं मी साहेबांना सांगितलं होतं, पण त्यांनी लिहिलाच आहे, तर असू दे.

काल सकाळी नवा लेख आला. माझ्या कमेंटला उत्तर नव्हतं. मी मुलीला फोन लावला. तिला म्हटलं, तुझ्या मामाला लेख लिहायला वेळ आहे आणि चूक सुधारायला नाही, हे कसं? ती म्हणाली, “अगं आई, लेख मामा रोज लिहीत नाही. आठवडाभराचे एकदम लिहितो आणि वेळ लावून ठेवतो. ते आपोआप येतात. उत्तरं तेवढी तो स्वतः देतो.” मी गॅस बंद केला आणि चप्पल घातली. मधलं मला आठवत नाही.

भावाचं दार आतून बंद होतं. बेल वाजवली, हाका मारल्या. फोन लावला तर आतल्या टेबलावर वाजल्याचा आवाज येत होता. खालच्या मजल्यावरची शेजारीण वर आली. ती म्हणाली, “काळजी करू नका, बरे आहेत ते. काल दिवसभर ठोकाठोकी चालली होती.” मी विचारलं, आज? ती म्हणाली, “आज नाही ऐकलं. पण सकाळी त्यांचा लेख आलाय की.” तिचा दोष नाही. त्याच्या घरात ठोकाठोकी नसेल तरच माणसं विचारतात.

मी तिथून इथे, पोलीस ठाण्यात आले. इथे बाहेरच्या टेबलावर हवालदार होते. मी म्हटलं भाऊ घरात आहे आणि दार उघडत नाही. त्यांनी माहिती विचारली, मोबाइलवर ब्लॉग उघडला आणि मला दाखवला. “मावशी, हे बघा, आजची तारीख. माणूस सकाळी सकाळी एवढं लांबलचक लिहितोय आणि तुम्ही म्हणता काहीतरी झालंय?” मी म्हटलं, “लेख आलाय. ‘थांबा’ आलेलं नाही.” त्यांना काही समजलं नाही. मग मी त्यांना मुलीने सांगितलेलं सगळं समजावलं, जुन्या कमेंट वाचून दाखवल्या. दहा-बारा ‘थांबा’ वाचल्यावर त्यांनी टोपी घातली. हे मी त्यांच्या चांगुलपणासाठी सांगते, कारण दुसरा कोणी असता तर मला घरी पाठवलं असतं.

दारासमोर येऊन हवालदारांनी खांदा लावायची तयारी केली. त्यांना मीच अडवलं. दार फोडलं तर भाऊ, बरा असला तर, माझ्याशी जन्मात बोलणार नाही. त्याचाच एक जुना लेख मला आठवला, घराबाहेर अडकलात तर दाराशेजारच्या खिडकीची काच न फोडता कशी काढावी, असा. हवालदारांनी तो मोबाइलवर काढला आणि मोठ्याने वाचायला लागले, मी शिवणाची कात्री घेऊन लाकडी पट्टी उचकटायला लागले. कात्री माझ्या पिशवीत नेहमी असते. मधेच लेख झाकला गेला आणि पंख्यांची जाहिरात आली. ती जाईना. हवालदारांनी जाहिरातीला एक शब्द वापरला, तो साहेबांनी जबाबात घेतलेला नाही. मी म्हटलं, “अहो, राहू दे, त्याचेही त्यालाच मिळतात.” काच निघाली, हात आत घातला, कडी काढली.

बाहेरच्या खोलीत कोणी नव्हतं. स्वयंपाकघरात नव्हतं. टेबलावर चहाचा कप होता, त्यावर साय धरली होती. मी ती पाहिली आणि मला पुढे जाववेना. हवालदार पुढे गेले. बाथरूमचं दार बंद होतं. त्यांनी मूठ फिरवली, फिरली नाही. त्यांनी पाय मागे घेतला, लाथ घालणार तेवढ्यात आतून घोगरा आवाज आला.

“थांबा! जोर लावू नका, चौकट जाईल.”

मी तिथेच खाली बसले. रडत नव्हते, असं मी म्हणाले होते. हवालदार म्हणतात रडत होतात. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे लिहा.

भाऊ परवा सकाळी, म्हणजे मी पहिल्यांदा उत्तराची वाट पाहिली त्या दिवशी, अंघोळीला गेला आणि आतून कुलपाची मूठ त्याच्या हातात आली. हत्यारं सगळी बाहेर. आत साबण आणि टूथब्रश. टूथब्रशने प्रयत्न केला, तो तुटला. दिवसभर बादली दारावर आपटली, ती ठोकाठोकी. पहाटे थकून त्याला झोप लागली, म्हणून माझी बेल आणि हाका त्याला ऐकू आल्या नाहीत. आत पाणी होतं, तेवढं बरं झालं. जगाला दारं उघडून देणारा माणूस आपल्याच बाथरूममध्ये अडकला होता आणि त्याचा ब्लॉग बाहेर पैसे मिळवत होता. हे वाक्य हवालदारांचं आहे.

त्याने आतूनच सांगितलं, बाहेरची मूठ काढा, आत चौकोनी दांडा दिसेल, तो पक्कडीत धरून उजवीकडे फिरवा. हवालदार डावीकडे फिरवायला लागले. आतून आलं, “थांबा! उजवीकडे म्हटलं ना?” मी म्हटलं, “अरे बाबा, त्यांना काय ओरडतोस?” आत बादली खाली ठेवल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, “ताई?” मी म्हटलं, “मग कोण येणार?”

तो बाहेर आला. अंगाला टॉवेल, डोळे खोल गेलेले, पण चालत आला. डॉक्टरांनी तपासलं, अशक्तपणाशिवाय काही नाही. मी वरणभात टाकला. जेवता जेवता त्याने सांगितलं की तो घाबरला नव्हता. तो म्हणाला, “रोज सकाळी पहिल्यांदा ब्लॉग उघडणारं माणूस एकच आहे, याच भागातलं. मला ते दिसतं. म्हटलं, उत्तर आलं नाही की ताईला राग येईल. राग आला की ती येईल.” मी त्याच्या ताटात आणखी भात वाढला.

हात धुऊन त्याने आधी मोबाइल घेतला आणि बिजागरीवाल्याला उत्तर दिलं. मग माझ्या कमेंटवर आला. एवढा लिहिणारा माणूस, पण बराच वेळ बोट फिरवत राहिला. शेवटी लिहिलं ते असं: “थांबा! स्वयंपाकाचं तेल कधीही नाही. आणि ताई, उद्यापासून चहा इथेच घे.” नाव ‘एक वाचक’ असताना त्याला कसं कळलं, ते मी विचारलं नाही. ‘हट्टी बाईचं मशीन’ काढून टाकतो, असं तो म्हणाला. मी म्हटलं, काढू नकोस, चांगलं चालतंय ते, खाली फक्त एक ओळ लिही की तेल तिने घातलं नव्हतं. तो म्हणाला, “पण घातलं होतंस.” त्यावरून आमचं वाजलं, आणि अजून मिटलेलं नाही. मला या प्रकरणात कोणाविरुद्ध काही तक्रार नाही. खिडकीची काच भावाने परत बसवली आहे. बाथरूमची मूठ त्याने बदलली, आणि माझ्या सांगण्यावरून दाराच्या आत एक स्क्रू ड्रायव्हर टांगला आहे. त्यावर त्याने लेखही लिहिला, तो उद्या आपोआप येईल. मी मात्र फोन करूनच खात्री करणार.

हा सगळा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. भाऊ शेजारच्या बाकावर बसून ऐकत होता. तेलाची ओळ आली तेव्हा तो “थांबा!” म्हणाला. त्याचं म्हणणं यात घेऊ नये. बाकी मी बोलले तसंच उतरलं आहे, आणि खरं आहे.