भांडणाचा पुरावा

माझ्या व्हिसाचं काय झालं ठावं हाय का? नवरा कॅनडात, मी मेढ्यात. साताऱ्याच्या वकीलबाई म्हणाल्या, "लग्न खरं आहे हे तिथल्या साहेबाला पटायला हवं. तुमचे मेसेज दाखव."

दाखवले. रोज एकच. 'जेवलात का?' 'हो. तू?'

"एवढं तर खानावळवालाही विचारतो," बाई म्हणाल्या.

मग लाजत एक जुनं भांडण काढलं. मी कुटून धाडलेली चटणी ह्यांनी खोलीतल्या पोरांना वाटली, तवा मी लय सुनावलं हुतं. बाईंनी सगळं वाचलं.

"हेच जोडू. कागदावरच्या नवऱ्याशी कुणी इतकं मनापासून भांडत नाही."

परवा व्हिसा आला. ह्यांचा लगेच मेसेज: 'येताना चटणी आण. पोरं लय आठवण काढत्यात.'