पलीकडच्या काठावरचे दोन दिवस

– नाही हो, ते दोन दिवस काढायचे नाहीत. बाकी काय वाट्टेल ते काढा. धबधबा काढा – सगळे तिथे नखशिखांत भिजून एकसारखेच फोटो काढतात. गरम हवेच्या फुग्यातून फिरायचं काढा, नाहीतरी पोटात गोळा येतो त्यात. पण नदीकाठचा तो मुक्काम राहू द्या. – का म्हणजे? इतकी वर्षं मी आफ्रिकेच्या सहली आखतेय, मला काही कळत असेल ना? ठेवा हो तो मोबाइल बाजूला, काय दाखवायचं ते नंतर दाखवा. मोबाइल बघूनच जायचं होतं तर जिना चढून आलात कशाला? आणि जिना चढून बरोबर माझ्याकडेच आलात हेही विशेष. खाली चष्म्याचं दुकान आहे ना, निम्मे लोक डोळे तपासायला म्हणून वर येतात. एक आजोबा असेच येऊन बसले, तो भिंतीवरचा नकाशा बघितला आणि म्हणाले, बाई, वरचं दिसतंय, खालचं सगळं निळं निळं दिसतंय. मी म्हटलं, आजोबा, नजर उत्तम आहे, खाली समुद्रच आहे.

बसा नीट. मी तू म्हटलं तर चालेल ना? माझ्या भाचीएवढी असशील. लग्नानंतरची पहिली मोठी सहल, नवरा म्हणतो समुद्रकिनाऱ्यावर लोळू आणि तू म्हणतेस आफ्रिका – मला तेव्हाच आवडलीस तू. नाहीतर लोक येतात, म्हणतात मॅडम, आफ्रिका बघायचीय, आठवडाभरात बसवा. जशी काय आफ्रिका म्हणजे आत्याचं गाव, सकाळी गेलं आणि चार घरी चहा पिऊन संध्याकाळी परत! अगं, एका टोकाला वाळवंट, दुसऱ्या टोकाला द्राक्षांचे मळे, मधे बर्फाचा डोंगर, कुठे मातीच्या मशिदी, कुठे कातळात कोरून काढलेली चर्चं, दर दोनशे मैलांवर बोली वेगळी – आणि ह्यांना हवा सिंह. दिसेल की सिंह. झोपलेलाच असतो बिचारा. त्याच्याभोवती दहा जीपगाड्या आणि प्रत्येक जीपमध्ये एक काका, जे मोठ्याने म्हणतात, शू, आवाज करू नका. तू तसली नाहीस. तू पहिल्याच दिवशी फोनवर म्हणालीस, मला माणसं बघायचीयत, ती कशी राहतात, काय गातात, काय विणतात. मग तुला त्या नदीवर नको पाठवू तर कोणाला पाठवू?

तिथे म्हणजे – ऐक. अलीकडच्या काठावर ढोल करणारे आहेत. अख्खं खोड आतून कोरतात, आणि मधेच थांबून त्याला कान लावतात. काय ऐकतात देव जाणे. निळीची कुंडं आहेत जमिनीत खोदलेली, बायांचे हात कोपरापर्यंत निळे. आणि संध्याकाळी होड्या परत यायला लागल्या की ह्या काठावरून त्या काठावर हाका सुरू होतात. एवढी रुंद नदी, पण पाण्यावरून हाक फार लांब जाते गं. कोणी विचारतं पोरं जेवली का, तिकडून उत्तर येतं, जेवली. कोणी शिव्या घालतं, तिकडून सव्याज परत येतात. आणि पलीकडच्या काठावर होड्या दुरुस्त करतात. तिथे नक्की जायचं. बसायचं जरा वेळ. मी सगळ्यांना सांगते, तिथे बसा जरा वेळ.

– मी? छे. मी कुठली जातेय. मी आपली इथे बसून उंटावरून शेळ्या हाकते. हिंडायचं काम आमच्या ह्यांचं. ह्यांचा नियमच होता, गादी विकायची तर आधी स्वतः तिच्यावर झोपून बघायचं. गिऱ्हाइकाला जिथे पाठवायचं तिथे हे आधी जाऊन राहणार, तिथलं खाणार, तिथे आजारी पडणार, आणि मग येऊन सांगणार, पाणी उकळून घ्यायला सांग गं. ती नदीही ह्यांनीच शोधली. कुठल्या पुस्तकात नव्हती की नकाशात ठळक नव्हती. फोनवर मला त्या हाकांबद्दल सांगत बसले होते, मी म्हटलं बास करा, बिल येईल. आता तिथेच असतात ना हे, तर – म्हणजे तिथे होते. तेव्हा. जाऊ दे. तुझ्या लशीचं काय झालं? पिवळ्या तापाची घेतलीस? घे बाई लवकर, त्यावाचून विमानतळावरूनच परत पाठवतात.

– हो, ऐकलं मी तू काय विचारलंस. बहिरी नाहीये मी. हे गिऱ्हाइकांना मी सांगत नसते. कोण येईल मग? जिथे त्या बाईचा स्वतःचा नवरा हरवला तिथे ती आपल्याला धाडतेय, म्हणतील. पण तू विचारलंसच, तर सांगते. हे गेले होते तिथे, पाहणीला. फोन फक्त टेकडीवरच्या एका दुकानापाशी लागायचा. तिथून माझ्या दिरांच्या फोनवर एक निरोप आला. दोन शब्द. परवा पलीकडे. बास. आणि मग काहीच नाही. आठवडा गेला तरी काही नाही, आणि बातम्यांत आलं की नदीला पूर. दीर स्वतः गेले, माणूस पाठीशी उभा राहिला हो, उगाच कशाला नाव ठेवा. निरोपावरून आम्ही सगळे काय समजलो? की हे परवा पलीकडे जाणार. म्हणजे अजून अलीकडेच आहेत. त्यातून अलीकडच्या लॉजवर ह्यांची बॅग तशीच. मग दिरांनी अलीकडचा काठ पिंजून काढला, दवाखाने, चौक्या, चर्चच्या शाळेत पूरग्रस्तांना ठेवलं होतं तिथे एकेकाच्या तोंडावर बॅटरी मारून बघितलं. आणि मग एक नावाडी भेटला. म्हणाला, तो टोपीवाला ना? त्याला तर मीच पलीकडे सोडला, पूर यायच्या कितीतरी आधी. – कळलं का तुला? परवा! आपल्या भाषेत येणारा तोही परवा आणि झालेला तोही परवा. पुढे नुसतं एक क्रियापद असतं – जाणार म्हण, आलो म्हण – तर लहान मुलालाही कळलं असतं, दिवस पुढचा की मागचा. पण ह्यांना क्रियापदाचा पहिल्यापासून कंटाळा. घरातसुद्धा तसंच. चहा. टॉवेल. किल्ली. मी भांडायचे, म्हणायचे मी काय दुकान आहे का? तर हसायचे. आणि हे समजेपर्यंत पलीकडची वस्ती पुरामुळे उठून कुठेतरी उंचावर गेलेली, होडी कोणी घालेना. दीर परत आले. दारात उभे राहून माझ्याकडे न बघता म्हणाले, वहिनी, बॅग आणलीय.

नको, पाणी नको मला. तूच पी. मला काही होत नाही आता, मी हे सांगताना रडत नाही, बघ. लोकांना वाटतं, हे गेलेच आहेत असं मी धरून चालावं. दीर तर एकदा फॉर्म घेऊन आले होते – मी जेवायला वाढलं, तेही समजले. कारण तुला सांगते, बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, पण इथे बुडालं कोण तेच ठरत नाही.

मग मी माणसं पाठवायला लागले. – हो. सगळ्यांना. वाळवंट मागितलं त्यांना नदी, डोंगर मागितला त्यांना नदी. एक पक्षी बघणारी मंडळी होती, त्यांना सांगितलं तिथला खंड्या बघाच. वाट वाकडी होते मान्य आहे, दोन दिवस जातात, पण कोणी तक्रार केली नाही, जागा खरंच सुंदर आहे. परत आले की मी सहज विचारते, पलीकडे गेला होतात का, होड्यांचं काम बघितलंत का, कोण कोण होतं तिथे. काही नसायचं. छान होतं मॅडम, म्हणायचे, डास फार. आणि मग एक मास्तर आणि त्यांच्या मिसेस गेल्या. मिसेस अगदी साध्या, परदेशात पहिल्यांदाच. आल्यावर पेढ्यांऐवजी मला तिथली टोपली घेऊन आल्या, ही बघ, ह्यात मी टाचण्या ठेवते. तर त्या बोलता बोलता म्हणाल्या, तिथे काय गंमत झाली माहितीये का? मास्तर उन्हात उभे होते फोटो काढत, म्हणून मी हाक मारली, अहो, टोपी घाला! तर मास्तरांनी ढुंकून पाहिलं नाही. आणि तिथे उपडी घातलेली एक होडी होती, तिच्या फटी भरत एक माणूस बसला होता, दाढी वाढलेली, उन्हानं रापलेला – त्याने वर पाहिलं.

अहो म्हटल्यावर. वर पाहिलं. आणि मग खाली बघून परत फटी भरायला लागला.

माहितीये, माहितीये तू काय म्हणणार. कोणीही आवाज ऐकला की वर बघतं. कावळा ओरडला तरी माणूस वर बघतो. सुतावरून स्वर्ग गाठते मी, दीरही हेच म्हणाले. मास्तरांना विचारलं, तर ते म्हणाले, माझं लक्ष नव्हतं. फोटोत तो माणूस नाही. अर्धी होडी आहे, एक हात आहे, हात कोणाचाही असू शकतो. मी तो हात किती मोठा करून पाहिला. मोठा करत गेलं की नुसते चौकोन होतात.

पण अहो! त्या काठावर अहो म्हणजे काय, हे कोणाला कळणार आहे? तिथल्या कोणाला वाटेल की ही हाक आहे? एखाद्या माणसाला जर कुणी आयुष्यभर नावाने हाक मारलीच नसेल, तीच एक हाक मारली असेल – स्वयंपाकघरातून, बाल्कनीतून, झोपेतून – तर बाकी सगळं विसरलं तरी मान वळेल ना? डोक्याला मार लागून माणसं नाव विसरतात. भाषा विसरतात. आणि आठवत असेल तरी येणार कसं? कागदपत्रं सगळी इथे, बॅगेत. पावसात होडी निघत नाही, उन्हाळ्यात पाणी उतरलं की मगरी. मधे नदी आहे गं एवढी. यायचं म्हटलं तरी माणूस येईल कसा, तूच सांग.

म्हणून तुला एक विचारते. तू नवऱ्याला काय म्हणतेस? – नावाने? हो, तेही बरोबर, तुमच्या वयाच्या सगळ्या नावानेच. म्हणूनच तर माझी पंचाईत झालीय, पुढे पाठवावं असं कोणी उरलंच नाही. मास्तरांनंतर जे गेले ते सगळे अरे तुरे, बेबी, बाबू – एकीने तर कुत्र्याला मारतात तशी शीळ मारली म्हणे. तर तू तिथे, पलीकडे, होड्या उपड्या घातल्या असतील तिथे, एकदा – एकदाच हं – जरा मोठ्याने, अहो म्हणशील? हसू नकोस. हसत नाहीयेस? बरं. नवऱ्याला आधी सांगून ठेव, नाहीतर घाबरेल बिचारा. आणि म्हटलंस की नवऱ्याकडे नको बघू. दुसरं कोण बघतं ते बघ. एवढंच. त्याच्याशी बोलायचं नाही, माझं नाव काढायचं नाही. जबरदस्ती नाही कसली. राहायचं असेल तर राहू देत तिथे. मला नुसतं कळलं तरी –

– मी का नाही जात? आलीस ना तूही तिथेच. सगळे तिथेच येतात. सासूबाई अंथरुणावर होत्या, त्यांना कोण बघणार होतं. – हो, त्या जाऊन झाली वर्षं. पासपोर्ट आहे. असतो तयार. अगं, मी तिथे गेले, हाक मारली, आणि मान वळली नाही, तर मग मी परत येऊन कोणाला पाठवू? आणि वळली तर? माझ्याकडे बघितलं, ओळखलं, आणि परत खाली बघून फटी भरायला लागले तर? त्यापेक्षा दुसऱ्या कोणाच्या हाकेला ओळख न दाखवलेली बरी. आता कळलं? तर तो मुक्काम राहू दे. दोनच दिवस आहेत. तुला सिंह हवा तर एक जास्तीचा सिंह देते.

काय दाखवतेयस मघापासून? बरं दाखव, काय आहे त्या मोबाइलवर. थांब, चष्मा लावू दे. – हे कुठलं? तिथलंच? – हो. हो गं, हीच झाडं, मास्तरांच्या फोटोत आहेत. हा घाट. आणि हे वर काय आहे, हे लांबच लांब? – पूल.

पूल झाला? केव्हा? – मागच्या वर्षी. अगं मला कोणी बोललं नाही. म्हणून तू म्हणत होतीस होय, दोन दिवस कशाला, गाडी सरळ पलीकडे जाते, थांबायची गरज नाही. – चांगलं झालं. खरंच चांगलं झालं. केवढी सोय झाली लोकांची. अडलेली बाई, आजारी माणूस, केवढी आबाळ व्हायची. – आणि होड्या? – बरोबर, आता होडी कोण घेतंय. – ही काय, बस का? पलीकडून अलीकडे येते? रोज? रोज येते म्हणजे – म्हणजे कोणाला यायचंच असलं, तर नुसतं चढून बसायचं. मगरी नाहीत, काही नाही. चालतसुद्धा येता येईल. ही पोरं बघ चालतायत, दप्तरं घेऊन.

एक वर्ष.

नाही. काही नाही. तू बोलू नकोस. काढते मी ते दोन दिवस. काढले. काय आहे तिथे एवढं बघण्यासारखं, डास आहेत. तुम्ही आपले सरळ डोंगराकडे जा. – अगं, सांगितलं ना काढले. ऊठ तू. फोन घे तुझा. हात सोड माझा, मी बरी आहे. जा म्हणते ना.