बिनगाबोळीचे मासे

सत्तरच्या सुमारास एमएस्सीला असताना माझी कशी वाट लागली, ते सांगते. बोय मासा अंडी कधी घालतो, हा माझा विषय होता. वेसाव्याच्या मालूबाई कोळिणीकडून मासे आणून सात महिने चिरले, पण एकातही गाबोळी, म्हणजे अंडी, सापडली नाहीत.

सरांनी विचारलं, "मासे निवडतं कोण?"

मी मालूबाईंना जाऊन विचारलं.

"मीच गं. गाबोळीवाले महाग पडतात. तू शिकणारी पोर, म्हणून तुझ्यासाठी बिनगाबोळीचे बाजूला काढून ठेवते."

सगळ्या नोंदी फुकट गेल्या होत्या. सरांना सांगताना मला रडूच आलं. ते रागावले नाहीत.

"आता टोपलीतले मासे स्वतःच्या हाताने उचल," ते म्हणाले, "आणि त्या बाईंना यातलं काही कळू देऊ नकोस."