ताईने काढलेली सरांची चूक

आमच्या ताईचं ऐका. ती घाटकोपरला एका हॉस्पिटलात नर्स आहे. बारावीला गणितात नापास झाली होती, ते तिला कायम सलायचं. म्हणून पंचेचाळिशीत तिने कॅल्क्युलसचा ऑनलाइन कोर्स घेतला. दोन आठवडे वर्गात एक शब्द बोलली नाही.

परवा मी शेजारीच बसलो होतो. इंजेक्शननंतर रक्तातलं औषध दर तासाला किती बदलतं, याचं समीकरण सर स्क्रीनवर लिहीत होते. ताईने माइक चालू केला.

"सर, इथे वजा चिन्ह हवं. औषध कमी होत जातं."

सरांनी समीकरण पुन्हा पाहिलं आणि वजा चिन्ह घातलं.

"बरोबर, मॅडम. माझी चूक."

यार, काय भारी वाटलं मला! ताई मात्र माइक बंद न करताच मला म्हणाली, "चहा टाक रे. आज मी उठणार नाही."

अख्ख्या वर्गाने ऐकलं. मी गपचूप उठलो.