ओठातल्या टाचण्या

भाची: पुन्हा म्हण, मावशी. शेवटचा शब्द पार गिळलास.

मावशी: गिळला नाही गं, म्हटला. तुला ऐकू आला नाही, त्याला मी काय करू?

भाची: शेजारी बसून मला ऐकू येत नाही, तर फोनवर तुझ्या नातीला काय येणार?

मावशी: तेच तर. गेल्या रविवारी एवढं पाठ करून बोलले, आणि पोरगी फोन बापाच्या हातात देऊन खेळायला पळाली. हा म्हणतो, तिला समजत नाही आई, जाऊ दे. जाऊ दे कसं? तिला मराठी येत नाही, मला इंग्रजी धड येत नाही. मग आजी म्हणजे काय, नुसता भिंतीवरचा फोटो?

भाची: डोळे पूस आधी. शब्द बरोबर आहेत तुझे. माझंच काहीतरी चुकतंय. महिनाभर नुसती सावकाश बोल, सावकाश बोल म्हणतेय, आणि फरक शून्य.

मावशी: मी हा झगा टाचता टाचता म्हणते. उद्या न्यायला येणार आहेत. शिवाय हात रिकामे असले की मला इंग्रजी सुचत नाही.

भाची: बरं. नातीला सांगायच्या गोष्टीतलं ते शर्टाचं वाक्य म्हण.

मावशी: युअ फाद...

भाची: थांब. तोंडात काय आहे?

मावशी: टाचण्या. दोन्ही हात कापडात, मग ठेवू कुठे?

भाची: मघाशी टाचण्या नव्हत्या, तेव्हाही अगदी असंच बोललीस. ऊठ, त्या गिऱ्हाइकांच्या आरशासमोर ये. काढ त्या. आता म्हण, फादर. काय दिसतंय?

मावशी: माझं थोबाड.

भाची: तोंड उघडलंय?

मावशी: उघडलंय की. फाद... अगं बाई. नाही उघडलं.

भाची: डाव्या कोपऱ्यातून बोलतेस तू. टाचण्या पडू नयेत म्हणून.

मावशी: मला वाटायचं, इंग्रजी अशीच बोलायची असते, ओठांना त्रास न देता. टीव्हीवरचे साहेब तसेच तर बोलतात.

भाची: मराठीही तू अशीच बोलतेस. आम्ही लहानपणापासून तुझं अर्धं बोलणं अंदाजानेच घेतो. हे बघ, डॉक्टरला जीभ दाखवताना जबडा सोडतेस ना, तेवढा सोड. आणि शब्दाचं टोक गिळू नकोस. काठ दुमडल्याशिवाय कापड देतेस का कुणाला?

मावशी: मेले तरी नाही.

भाची: मग शर्टचा ट पण तसाच दुमडून दे.

मावशी: लाज वाटते गं एवढा आ करायला. बरं. युअर फादर टोअर हिज शर्ट ऑन द गेट.

भाची: अगं मावशी!

मावशी: काय झालं? चुकलं?

भाची: चुकलं कसलं! कुठे होता हा आवाज? सगळी खोली भरली. या दुकानात लहानाची मोठी झाले मी, आणि तुला आज पहिल्यांदा ऐकतेय.

मावशी: माझी आई अशी बोलायची. दारातून हाक मारली की गल्लीच्या टोकाला कळायचं. मी समजत होते, तो आवाज तिच्याबरोबरच गेला.

भाची: लाव फोन. रविवारची वाट बघू नकोस.

(फोन लागतो, स्पीकर चालू. टाचण्या उशीत टोचलेल्या.)

मावशी: लिसन, बाळा. युअर फादर टोअर हिज शर्ट ऑन द गेट. न्यू शर्ट. ही हिड इट अंडर माय मशीन. आय फाउंड इट. आय स्टिच्ड इट. आय पुट इट बॅक. आय सेड नथिंग.

मुलगा: आई, ती हसून लोळतेय. सगळं समजलं तिला. विचारतेय, मशीनखाली कुठे लपवला होतास म्हणून.

मावशी: मग सांग की.

मुलगा: म्हणजे तुला माहीत होतं? मला वाटायचं, तो शर्ट फाटलाच नव्हता, मलाच भास झाला.

मावशी: माहीत होतं रे. तोंडात टाचण्या होत्या.

मुलगा: आई, हा आवाज तुझा आहे?

मावशी: माझाच. का रे, फार मोठा येतोय? हळू बोलू?

मुलगा: नको. ती आता माझ्या मांडीवर येऊन बसलीय. तू बोल, आम्ही दोघंही ऐकतोय.