विहिरीचं चित्र आन् सारजाबाईची सासू

...आन् वरनं धर्माजीनं विचारायचं काय, तर "ताई, माझ्या बैलाचं शिंग एवढं आखूड हाय का?" आता सांगा राव, यशोधरानं करायचं तरी काय? पोरगी जुन्नरला एका शाळेत चित्रकला शिकवती, आठवडाभर वर्गात घसा कोरडा करती, आन् रविवारी आराम सोडून एसटीनं आपल्या गावाला येती... कशाला? तर ग्रामपंचायतीनं थांब्याजवळची भिंत चित्र काढायला दिली म्हणून. तिला सांगितलं व्हतं, एक डोंगर काढ, दोन मोर काढ, मोकळी हो. पर न्हाई. म्हणाली, "गावाचं चित्र, गावानं काढायचं."

काढा मग.

विषय ठरला जुनी विहीर. नळ यायच्या आधी समदं गाव तिथंच पाण्याला जायचं, म्हंजी समद्यांना चित्रात जागा. तुमाला सांगतो, तिथंच घोळ झाला. धर्माजी म्हणाला, विहीर हाय तर बैल पायजे, बैल हाय तर माझाच पायजे. त्यो बैल एवढा वाढला, एवढा वाढला, की विहीर कोपऱ्यात सरकली. धर्माजीची बायको सारजाबाई, पंच्याहत्तरी उलटलेली, ती म्हणाली, "मला विहिरीच्या काठावर काढ, हातात दोर, अंगावर हिरवं लुगडं." हिरवं झालं तर म्हणाली, डाळिंबी बरं. डाळिंबी झालं तर म्हणाली, "व्हतं तर हिरवंच." आन् आभाळ रंगवायला सात बायका, सात जणींचं आभाळ सात तऱ्हेचं. यशोधरा एका बाजूनं पुसती, दुसऱ्या बाजूनं गावातलाच एक सावळाराम इचारतो, "ताई, यात माझं घर कुठंय?" आन् परत तेच... गावाचं चित्र, गावानं काढायचं.

तिसऱ्या रविवारी यशोधराची आजी आली, जानकाबाई, काठी टेकत. नातीनं तिला सारजाबाईच्या शेजारीच काढलेलं, दोघी काठावर, दोघींच्या कमरेवर हंडा, दोघी हसत्यात. लई झ्याक दिसत व्हतं. म्हातारीनं बघितलं, लई वेळ बघितलं.

"हे खोटं हाय," ती म्हणाली.

"काय खोटं, आजी?"

"मी काठावर कवा उभी व्हते? आमाला काठावर येऊ देत व्हते का? आमी खाली उभं ऱ्हायाचो. कुणाला दया आली तर वरनं वतायचं, तवा घागर भरायची."

आता बोला.  धर्माजी म्हणतो कसा, "जाऊ दे ना पोरी, जुनं कशाला उकरायचं, दोघी शेजारी कशा शोभत्यात..."  यशोधरानं ब्रश रॉकेलच्या डब्यात टाकला. म्हणाली, "खोटं मी काढणार न्हाई, आन् खरं तुमी काढू देणार न्हाई. मी पाचच्या गाडीनं जाते."

ती पिशवी भरायला लागली, तर सारजाबाई उठली. भिंतीपाशी गेली, आपल्याच चित्राकडं बघत म्हणाली, "जानका बराबर बोलती. ती खालीच उभी ऱ्हायची. वरनं मी वतायची. सासू बघत नसली की वाकून वतायची. बघत असली की लांबनं... निम्मं पाणी हिच्या अंगावर जायचं." मग जानकाबाईकडं न बघताच म्हणाली, "थंडीतबी."

"थंडीत जास्त," जानकाबाई म्हणाली.

"काढ पोरी तसंच," सारजाबाई म्हणाली.

आन् काढलं की. जानकाबाई खाली, मान वर, भिजलेली. सारजाबाई वर, दोर हातात. दोघी म्हाताऱ्या समोर कट्ट्यावर बसून, यशोधरा कुठं चुकती ते सांगत व्हत्या. झालं असं वाटलं राव, झालं एकदाचं... तर सारजाबाई म्हणती, "एवढं खरं काढलंस, तर मागं माझी सासू काढ. डोळं वटारून."

धर्माजी उठला. "ती माझी आई हाय!"

"मंग? डोळं माझ्यावर वटारायची का तुमच्यावर?"

दोन रविवार त्यात गेले. फोटो कुणाकडं न्हाई, तोंड कुणाला पटत न्हाई. धर्माजी म्हणतो, आई हसरी व्हती. सारजाबाई म्हणती, कुणासंगं? शेवटी यशोधरानं ती बैलाच्या आड उभी केली, नुसता पदर दिसतो. धर्माजी म्हणतो, ती आई न्हाईच. सारजाबाई म्हणती, तीच हाय, आडून बघायची सवयच व्हती.

यशोधरा आता वर्गात पोरांपुढं केळी मांडती आन् म्हणती, हीच काढा. केळ्याला सासू नसती.