लॅमिनेट केलेला मामा

...नाही हो, भाचीला घेऊन विमानात बसायचं इतकं सोपं असतं तर मी तुमच्यापुढे रडगाणं कशाला गात बसलो असतो? भाची सख्खी, सहा वर्षांची. तिची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, परदेशात नर्स आहे, अकरा महिने लेकीला नुसती फोनवर बघतेय. चार दिवसांची रजा कशीबशी मिळाली तिला. लेकीला न्यायचं होतं मेहुण्यांनी, पण ते निघायच्या आठ दिवस आधी स्टुलावरून पडले, पाय प्लास्टरमध्ये. मग उरलं कोण? मामा.

आमच्या ओळखीच्या वकीलबाई, नोटरीही त्याच, म्हणाल्या, "दुसऱ्याचं मूल न्यायचं तर आईबापाचं संमतीपत्र लागतं." करून दिलं त्यांनी. दोघांच्या सह्या, बहिणीची तिकडून कुरिअरने मागवलेली, खाली नोटरीचा बोटाला लागेल असा उठावाचा शिक्का, आणि मुलगी आजारी पडली तर दवाखान्यात सही करायचा अधिकारसुद्धा मामाला! तुम्हाला सांगतो, तीनदा वाचलं मी ते. इतके अधिकार मला आयुष्यात कुणी दिले नव्हते, बायकोने तर नाहीच नाही. आता माझं झेरॉक्स-लॅमिनेशनचं दुकान, बावीस वर्षांचं. एवढा मोलाचा कागद हातात आल्यावर मी काय करणार? केला लॅमिनेट.

विमानतळावर काउंटरच्या बाईंनी तो उलटा केला, सुलटा केला, त्यावरून बोट फिरवलं. "ही झेरॉक्स आहे. मूळ कुठंय?"

म्हटलं, "बाई, हेच मूळ. आत आहे."

"शिक्का बोटाला लागत नाही."

लागेल कसा? गरम रोलरखालून गेलाय तो, झाला की सपाट, माझ्याच हाताने! म्हटलं, "अहो, मामा आहे मी तिचा."

"असाल. पण कागद काय म्हणतो?"

विमान सुटायला पन्नास मिनिटं, तिकडे बहीण आम्हाला घ्यायला यायचं म्हणून बसच्या रांगेत उभी असणार, आणि इथे मी नखाने लॅमिनेशन सोलतोय... निघतंय कुठलं? काम पक्कं असतं आमचं. बाई शांतपणे म्हणाल्या, "मुलं पळवणारेसुद्धा मामाच म्हणवतात स्वतःला." बरोबरच होतं त्यांचं. माझी भाची असती त्या जागी... म्हणजे माझीच होती, पण कागद काय म्हणतो?

शेवटी बाई वाकल्या, गोड आवाजात म्हणाल्या, "बाळा, हे कोण गं तुझे?"

भाची गप्प. ओठ घट्ट मिटलेले. म्हटलं, "सांग ना गं, मी कोण ते!"

तर माझ्याकडे वळून म्हणते, "अनोळखी माणसांशी बोलायचं नाही, असं तूच सांगितलंस ना?"

बाई पहिल्यांदा हसल्या. पण हसून कुणी सोडतं का? कागदावरच्या नंबरवर बाईंनी वकीलबाईंना फोन केला, त्यांनी नोटरीच्या वहीतली नोंद वाचून दाखवली, मेहुण्यांनी फोनवर प्लास्टर दाखवलं, आणि सगळ्यात शेवटी आम्ही दोघं विमानात चढलो. इथे पोहोचल्यावर बहिणीने लेकीला मिठी मारली ती सोडेचना. माझ्याकडे बघायला तिला पाऊण तास लागला. असू दे. त्याचसाठी तर आलो होतो.

परतीला भानगड नको म्हणून बहिणीने इथल्या नोटरीकडून नवं पत्र आणलं, माझ्या हातात न देता टेबलावर ठेवलं आणि मला बजावलं, "दादा, याला हात लावशील तर बघ." नाही लावला. खुर्चीतून उठलोसुद्धा नाही. संध्याकाळी भाची नाचत आली. "मामा, बघ, तुझ्यासारखं केलं! आता भिजणार नाही." अख्खं पत्र, पुढून मागून, खोकी बांधायच्या रुंद चिकटपट्टीने नीट गुंडाळलेलं, कुठे एक सुरकुती नाही.

मामाचीच भाची आहे, याहून पक्का पुरावा कुठला हवा? उद्या काउंटरवर मी तेच सांगणार आहे. तिथल्या बाई म्हणतील, पण कागद काय म्हणतो? कागद काय म्हणणार हो... त्याच्या तोंडाला पट्टी लावलीय.